नमुन्यातला नवरदेव

१

मी अक्षरं बनवतो. निमंत्रणं, शोकपत्रं, उद्घाटनाची आणि आभाराची कार्डं यांवर जी लफ्फेदार, हातानं लिहिल्यासारखी अक्षरं असतात, ती आधी कुणीतरी खरोखरच हातानं लिहिलेली असतात. तो कुणीतरी म्हणजे मी, किंवा माझ्यासारखाच दुसरा एखादा पाठ आखडलेला माणूस. तिरप्या कापलेल्या निबनं एकेक अक्षर पुन्हा पुन्हा लिहायचं, त्यातलं एखादं बरं निघतं ते निवडायचं, संगणकावर घेऊन त्याच्या कडा साफ करायच्या आणि सगळी जमली की फॉन्ट करायचा. मग कुणीही कळफलकावर बोटं आपटली, की माझा हात लिहू लागतो.

तिरप्या निबची गंमत अशी, की ती एका दिशेनं ओढली तर रेघ बोटाएवढी रुंद उमटते, आणि तीच निब वळवली की केसाएवढी बारीक होते. निब तीच, हात तोच. फरक फक्त वळणाचा. पोट भरलं ते या एका गोष्टीवर.

नवा फॉन्ट झाला की त्याचा नमुना छापून दुकानादुकानांत द्यावा लागतो. नुसती बाराखडी बघून कुणी फॉन्ट घेत नाही. लोकांना कार्ड दिसायला हवं, आणि कार्डं खपतात ती लग्नाची. म्हणून नमुन्यात एक खोटं लग्न लावावं लागतं. खोटा वर, खोटी वधू, खोटं सभागृह.

‘झुळूक’ हा माझा सगळ्यात देखणा फॉन्ट. त्याच्या नमुन्यात वधू म्हणून मी लेकीचं नाव घातलं. तिच्या नावाची सुरुवातच पहिल्या वेलांटीनं होते, आणि त्या वेलांटीवर माझा फार जीव. घरात आम्ही तिला ठकी म्हणतो. लहानपणी बाहुलीसारखी एका जागी बसायची म्हणून. तिला विचारलं तर म्हणाली, “घाला की, बाबा. कागदावर तरी माझं लग्न लागू दे. आई जरा गप्प बसेल.”

वर मात्र मी बनवला. ‘झुळूक’मधली सगळ्यात गुणी अक्षरं गोळा केली, एकापुढे एक मांडली आणि म्हणता येईल असं त्यांचं नाव केलं. आडनावही तसंच. असं नाव कुणाचं असूच शकत नाही. ते मी इथं लिहिणार नाही. का, ते पुढं कळेल.

आता माझी चूक. ज्या मास्तरांकडे मी पाट्या रंगवायला शिकलो, त्यांची एक सवय होती. नमुन्यात ते कुठंतरी एका जागी शिरोरेषा तुटकी ठेवायचे, सहज नजरेत भरणार नाही अशी. “नमुना पुरा करू नये,” म्हणायचे. कारण साधं होतं: पुरा केला तर कुणीतरी तोच उचलून खरं काम म्हणून खपवतो. आम्हा शिष्यांना ती सवयच लागली होती. ‘झुळूक’च्या वेळी मात्र मला मोह पडला. वराच्या शेवटच्या अक्षराचा लफ्फा मी खाली नेला, लांबवला, वर उचलला आणि त्याच रेघेची लेकीच्या नावातली पहिली वेलांटी केली. दोन नावं, एकच रेघ. कुठंही निब उचललेली नाही. इतकं छान जुळलं होतं, की त्यात कुठं फट ठेवायला मन होईना.

२

ही म्हणजे माझी बायको, माझी मुद्रितंही तपासते आणि मलाही. नमुना डोळ्यांपुढे धरून म्हणाली, “कार्ड झकास झालंय हो. पण हा नवरदेव कुठून पैदा केलात? नाव आहे की दागिन्याचं दुकान?”

“अक्षरं चांगली आहेत त्याची.”

“अक्षर चांगलं असलेला एक नवरा मला मिळालाय, तेवढा पुरे.”

नमुने दुकानांत गेले. लोकांना आवडले. काम सुरळीत चाललं होतं, आणि मी दुसऱ्या कामाला, एका शोकपत्राच्या साध्या अक्षरांना लागलो होतो.

ठकी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. एके दिवशी संध्याकाळी घरी आली ती हसतच. पर्स खुर्चीवर टाकली आणि म्हणाली, “बाबा, आज तुमचा जावई आला होता दुकानात.”

“कोण जावई?”

“कार्डावरचा. तेच नाव. आडनावसुद्धा.”

आई आणि लेक दोघी खो खो हसल्या. मीही हसलो, पण मनात पाल चुकचुकली. नाव जुळेल एखादं, पण ते आडनाव मी माझ्या हातानं, वेलांट्या कुठं बसतील ते बघून जोडलं होतं.

“कुणीतरी थट्टा केली असेल. कार्ड सगळीकडे आहे.”

“छे हो. थट्टा करणारा वाटला नाही. अगदी शांत. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली त्यानं. तिच्याखाली बारीक अक्षरात छापखान्याचं नाव असतं, तेही वाचलं.”

“मग चष्मा कशाला हवा होता त्याला?”

“काचा नकोच होत्या. नुसती चौकट हवी म्हणाला. चेहरा जरा भरीव दिसतो म्हणे.” ती पाणी प्यायली. “नाव ऐकल्यावर मला हसूच आवरेना. म्हटलं, अहो, तुम्ही तर माझे नवरदेव!”

“असं म्हणालीस?”

“गमतीनं हो, बाबा.”

“मग? तो काय म्हणाला?”

“तो म्हणाला, हो.”

हिनं विचारलं, दिसायला कसा आहे. ठकीनं जरा विचार केला. “छान आहे,” म्हणाली. “म्हणजे समोरून तरी.”

“समोरून म्हणजे?”

“म्हणजे समोरच बसला होता ना. उठून गेला तेव्हा मी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघत होते. कधी गेला ते कळलंच नाही.”

३

मी माणूस संशयी असलो तरी भित्रा नाही, निदान तोवर नव्हतो. ते नाव मी शोधलं. जिथं जिथं माणसांची नावं सापडतात तिथं शोधलं, ते आडनाव वेगवेगळ्या प्रकारे लिहूनही शोधलं. कुठंच सापडलं नाही. यावरून काय सिद्ध होतं? काहीच नाही. काही माणसं कुठंच सापडत नाहीत, मीही सापडत नसेन. असं स्वतःला बजावलं आणि कामाला बसलो, पण निब कागदाला लावली की हात थांबायचा.

डोळ्यांचंही कुरकुरणं सुरूच होतं. ठकी कधीची मागे लागली होती, म्हणून एका दुपारी तिच्या दुकानात गेलो. सांगितलं तिला डोळ्यांचं. गेलो होतो कशासाठी ते माझं मला माहीत होतं.

“थोडं आधी यायला हवं होतंत,” ती दारातच म्हणाली. “आत्ताच गेला. तो बघा, कोपऱ्यावर.”

रस्ता सरळ होता आणि बऱ्यापैकी रिकामा. टोकाला काळ्या कोटातला एक माणूस पाठमोरा चालला होता. चांगला रुंद खांद्यांचा, भरदार. मला उगाच बरं वाटलं. इतका भरदार माणूस म्हणजे खराच माणूस. मग तो कोपऱ्यावर डावीकडे वळला.

वळला, आणि त्याच्या जागी एक रेघ राहिली. काळी, उभी, बारीक. ती रेघ पुढं सरकली आणि भिंतीआड गेली.

“दिसला?” ठकीनं विचारलं.

“दिसला,” मी म्हणालो. “बारीक आहे गं.”

“बारीक? चांगला उंचापुरा आहे की. चला, आत बसा. तुमचे डोळे कामातून गेलेत.”

तिनं मला खुर्चीवर बसवलं, तपासणीची जड लोखंडी चौकट नाकावर ठेवली. समोरच्या तक्त्यावर सूर्याच्या किरणांसारख्या रेषा होत्या.

“कुठल्या ठळक दिसतात?”

“आडव्या.”

“आणि उभ्या?”

“असून नसल्यासारख्या.”

“बघा. सिलिंडरचा नंबर वाढलाय. एका दिशेच्या रेषा नीट दिसतात आणि दुसऱ्या दिशेच्या मार खातात. किती दिवस असे काम करताय?” ती काचा बदलत राहिली. बोटं गार होती तिची, पण ती नेहमीच असतात. “नव्या काचा बनवायला टाकते. आल्या की सगळं जिथल्या तिथं दिसेल.”

मला एवढा आनंद झाला, की मी तिला खुर्चीतूनच आशीर्वाद दिला. डोळेच बिघडले होते तर. माणूस वळताना बारीक दिसणं म्हणजे फक्त नंबर वाढणं. घरी येताना मी चालणारी सगळी माणसं बघत आलो. कुणी वळलं तर थांबून बघायचो. सगळी वळली, आणि वळल्यावरही तेवढीच जाड राहिली. ते मी हिला सांगितलं नाही.

४

त्यानंतर तो रोजच दुकानात येऊ लागला. चौकट सैल झाली, घट्ट झाली, नाकावर टोचते. ठकी जेवताना त्याच्याच गोष्टी सांगायची. फार बोलत नाही. कधी घाईत नसतो. कुठं राहतो विचारलं तर म्हणतो, सगळीकडे आहे.

“फिरतीची नोकरी असेल,” ही म्हणाली. हिचा चेहरा उजळला होता. लेकीचं लग्न हा विषय या घरात कितीदा निघाला आणि कितीदा आपटला, याची गणती नाही. आता लेक आपणहून एका मुलाचं नाव घेत होती. हिला तो देव पावल्यासारखाच होता.

एका दुपारी ठकी कामावर असताना मी हिच्यापाशी विषय काढला. सांगितलं सगळं. नाव मी बनवलं, तसं आडनाव जगात नाही, शिरोरेषा तुटकी ठेवली नाही, कोपऱ्यावर काय दिसलं. बोलताबोलता मलाच ते ऐकवेना.

हिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तुम्हाला लेक घरातून जायला नको आहे. सरळ तसं म्हणा की.”

“तसं नाही गं.”

“तसंच आहे. बापांचं असंच असतं. माझ्या बाबांनी तुमच्यात नाही का खोड काढली? म्हणाले होते, मुलगा तिरपा चालतो.”

लेक घरातून जाऊ नये असं मला वाटत होतंच. पण ती कुणा माणसाबरोबर गेली असती, तर मी रडून मोकळा झालो असतो. माझी भीती वेगळी होती. लेक अशी तुटली तर पुन्हा जोडता येईल की नाही, याची होती.

त्याच दिवशी संध्याकाळी मी कामाच्या खोलीत निब धूत होतो. उजेड होता अजून. जिन्यावर आवाज आला. आमचा जिना लाकडी आहे. कोण येतंय ते पायांवरून कळतं. ही येते तेव्हा धप धप, ठकी येते तेव्हा टपटप. हा आवाज तसा नव्हता. एक लांब करकर, मग काहीच नाही, मग पुन्हा लांब करकर. कोरड्या कागदावर मोठी निब ओढावी, उचलावी, पुन्हा टेकवावी, तसा. आयुष्यभर कानाशी ऐकलेला आवाज मी कसा विसरेन? आणि त्याच्याबरोबर ठकीची टपटप.

आवाज आमच्या दाराशी थांबला. काहीतरी हळू बोलणं झालं. मग करकर खाली गेली.

“आत का नाही बोलावलंस?” हिनं दार उघडत लेकीला विचारलं.

“नको म्हणाला. म्हणाला, वेळ आली की येईन.”

“पाय दुखतो का त्याचा?” मी विचारलं.

“नाही. बुटांचा आवाज आहे तो, बाबा.” आणि मग ती माझ्याकडे बघून हसली. “तुमच्या कामाची फार माहिती आहे हो त्याला. म्हणाला, तुझ्या बाबांचा हात मी ओळखतो.”

५

दुसऱ्या दिवशी दोघी बाहेर गेल्यावर मी नमुना संगणकावर उघडला. मास्तरांची सवय आठवत होती. जे आधी करायला हवं होतं ते आता करू, एवढाच विचार. वराच्या नावात मधोमध, दोन अक्षरांच्या सांध्यात मी शिरोरेषा तोडली. केसाएवढी फट. एका वेलांटीचा सांधाही सोडवला. नाव लगेच लंगडं दिसू लागलं. मला हायसं वाटलं. तो नमुना नव्यानं छापून घेतला, दुकानादुकानांत स्वतः फिरून जुने परत घेतले आणि घरी आणून टराटरा फाडले. दुकानदार म्हणाले, आधीचं छान होतं की. मी म्हणालो, आधीच्यात चूक होती.

त्या संध्याकाळी भूक लागली. बऱ्याच दिवसांनी लागली होती. ठकी उशिरा आली. डोळे लाल होते.

“काय गं?”

“त्याचा हात मोडलाय,” ती म्हणाली. “खांद्यापासून. गळ्यात बांधून आला होता.”

माझा घास हातातच राहिला.

“कसा मोडला?” हिनं विचारलं.

“सांगत नाही. एक शब्द तक्रारीचा नाही त्याच्या तोंडी. मी खोदून खोदून विचारलं, तर म्हणतो, ज्यानं केलं त्यानं भीतीपोटी केलं, माझा राग नाही.” तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. “मी दुकानातून सुट्टी घेतली आणि पट्टी नीट बांधून दिली. इतका हलका आहे हो हात त्याचा, बाबा. वजनच नाही. मला एवढी कणव आली त्याची. इतके दिवस मी ठरवत नव्हते. आज मीच त्याला हो म्हणाले.”

ही उठली आणि लेकीला जवळ घेतलं. दोघी रडत होत्या आणि हसत होत्या. मी ताट बाजूला सारलं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं लोक सहज म्हणतात. त्या वाक्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

६

आता उरलं काय? वराचं नावच पुसून टाकायचं. मी बसलो पुन्हा संगणकापुढे. त्याच्या शेवटच्या अक्षरावर आलो आणि थांबलो. त्या अक्षराचा लफ्फा खाली जात होता, लांब जात होता, वर उचलला जाऊन माझ्या लेकीची पहिली वेलांटी होत होता. एकच रेघ. तो पुसायचा तर तिची वेलांटी उखडणार. मधेच कुठं कापू? कापला तर कापलेलं टोक कुणाच्या अंगाला लागेल? त्याच्या नावात केसाएवढी फट केली तर खांदा निखळला होता. लेकीच्या नावात मी काय म्हणून फट करू?

पुसायच्या बटणावर बोट ठेवून मी किती वेळ बसलो, कुणास ठाऊक. मग बोट उचललं. मी सगळं धाडस करीन, पण तिच्या नावाला हात लावणार नाही, हे त्या वेळी पक्कं कळलं. त्या रेघेचा मला किती अभिमान वाटला होता!

शेवटी ठकीला समोर बसवून सगळं सांगितलं. ती हसली नाही, हे जास्त वाईट झालं. तिनं माझा हात हातात घेतला.

“बाबा, तुम्ही थकलाय. डोळ्यांना ताण पडला की डोकंही चालतं भलतीकडे. उद्या तुमचा चष्मा येतोय. तो लावा आणि मग त्याला नीट बघा. माझ्यासाठी एवढं कराल?”

“करीन. पण तू तोवर थांब. त्याच्याबरोबर कुठं जाऊ नकोस.”

“उद्या फक्त कोपऱ्यापर्यंत जाणार आहोत. तो मला काहीतरी दाखवणार आहे.”

“काय?”

“वळल्यावर दिसेल म्हणाला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दुकानातून चष्मा पाठवून दिला. डबीवर एक चिठ्ठी होती: ‘बाबांसाठी. लावा आणि बघा.’ ठकीचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. अक्षर बनवणाऱ्याच्या पोटी असली लेक, म्हणून आम्ही तिला आयुष्यभर चिडवत आलो. चिठ्ठीवरचं अक्षर सुंदर होतं. जिथं जाड हवं तिथं जाड, जिथं बारीक हवं तिथं बारीक. ते साध्या बॉलपेननं लिहिलेलं होतं, आणि बॉलपेननं तसं लिहिता येत नाही.

७

चष्मा उत्तम होता. खिडकीच्या गजांवरचा गंज दिसला, समोरच्या इमारतीच्या विटा वेगवेगळ्या दिसल्या. उभ्या रेषा, आडव्या रेषा, सगळ्या जिथल्या तिथं. आता डोळ्यांवर ढकलता येईल असं काही उरलं नव्हतं.

दुपार उतरताना ती दोघं आमच्या रस्त्यावर दिसली. माझी खिडकी वरून थेट कोपऱ्यापर्यंत बघते. ही मागं येऊन उभी राहिली. “छान दिसतो की हो,” म्हणाली. “बिचाऱ्याचा हात बघा.”

ती दोघं आमच्याकडे पाठ करून चालली होती. त्याची पाठ रुंद, काळी. ठकीनं लाल नवा कोट घातला होता. त्याचा धड असलेला हात तिच्या हातात होता. मला हाक मारायची होती. खिडकी उघडली, तोंड उघडलं, आणि नेमकं कुठलं नाव हाकारावं ते सुचेना. खरं नाव उच्चारायची भीती वाटली, आणि ‘ठकी’ म्हणून मारलेली हाक तिच्यापर्यंत पोचली नाही.

कोपऱ्यावर तो आधी वळला. नव्या चष्म्यातून मी बघितलं. रुंद पाठ कडेला झाली, कड बारीक होत गेली, आणि मग फक्त रेघ. स्वच्छ, कुठंही न थरथरता काढलेली. मीच काढलेली. मी ती कुठंही ओळखली असती.

त्या रेघेला धरून ठकी वळायला लागली. तेवढ्यात मालाचा एक मोठा ट्रक मधे आला. गेला तेव्हा कोपरा रिकामा होता.

“काय झालं?” मी हिला विचारलं. “काय दिसलं तुला?”

“काय दिसायचंय? गेली वळून,” ही म्हणाली. “खिडकी लावा, धूळ येते.” पण ती खिडकीपाशीच उभी राहिली, आणि नेहमीसारखी काही थट्टा केली नाही.

८

संध्याकाळी दिवे लावायच्या आधी ती परत आली.

मी दाराकडे तोंड करून खुर्चीत बसलो होतो. ही आत काहीतरी परतत होती. झाऱ्याचा आवाज येत होता. जिन्यावर पावलं वाजली. मी टपटपीची वाट बघत होतो. इतकी वर्षं ऐकलेली टपटप. शाळेतून येताना, परीक्षेहून येताना, रुसून गेल्यावर परत येताना. देवा, तेवढीच दे, म्हणालो.

एक लांब करकर. मग काही नाही. मग पुन्हा लांब करकर.

बरोबर दुसरं कुणी नव्हतं. ती एकटीच वर येत होती.

दार उघडलं आणि ठकी उंबऱ्यात उभी राहिली. माझी लेक. तोच चेहरा, गालावरचा तोच तीळ, केस विस्कटलेले. लाल कोट. अगदी समोर, माझ्याकडे तोंड करून. इतकी खुशीत मी तिला कधी पाहिली नव्हती.

“लावलात चष्मा!” ती म्हणाली. “दिसतं का नीट?”

“दिसतं.”

“बघा, सांगत नव्हते?” ती आत आली. येताना तोंड माझ्याकडेच होतं. टेबलाला वळसा घालतानाही तिचं तोंड माझ्याकडेच होतं. पर्स तिनं हात मागे नेऊन, न बघता खुंटीला अडकवली. “बाबा, आमचं ठरलं. राग नाही ना तुम्हाला?”

“नाही गं.”

“त्यालाही नाही. हात लवकर जुळेल म्हणतो, तुम्ही मनावर घेतलंत तर.”

मी मान हलवली. तिनं सांगितलं असतं ते सगळं मी केलं असतं. जोडला असता तो हात, त्याच रात्री. तिनं फक्त तिथं तशीच उभं राहावं, समोर, मला दिसत. आयुष्यभर तशीच राहिली तरी चालेल, मी तिच्याभोवती फिरेन, असं मनात आलं.

आतून हिनं हाक मारली, “आली का गं? कोट बसला का नीट? काल म्हणत होतीस पाठीत ओढतो म्हणून.”

“आता नाही ओढत, आई. आता एकदम बसलाय,” ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून हसली. “बाबा, तुम्हीच बघून सांगा. मागून कसा दिसतो?”

आणि ती वळायला लागली.

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला.